फोन गेल्यावर आधी नंबर, मग फोन

चोपडा तालुक्यातील एका भगिनींनी विचारले आहे की, सुरतमधील उधन्याला थोरल्या मुलाकडे, म्हणजे या भगिनींच्या मोठ्या भावाकडे, गेलेले त्यांचे वडील रेल्वेने अमळनेरला परतत असताना त्यांचा अँड्रॉइड फोन गेला. नंदुरबारपर्यंत तो खिशात होता, अमळनेरला उतरताना नव्हता. घरच्यांनी दोन दिवस त्या नंबरवर फोन लावून पाहिला. पहिल्या दिवशी रिंग गेली, दुसऱ्या दिवशी फोन बंद लागला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी सिम बंद केले. फोनच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड आणि आधारची घडी घातलेली झेरॉक्स होती, सिम भावाच्या नावावर आहे आणि फोनचे खोके घरात सापडत नाही. खात्यातून पैसे अद्याप गेलेले नाहीत. पोलिसांत तक्रार दिलेली नाही. फोन परत मिळेल का, आणि वडिलांना नवा फोन देताना काय काळजी घ्यावी, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी धुळ्यात मोबाइल दुरुस्तीचे काम करतो आणि फोन गेलेल्या लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देणे हा त्या कामाचाच एक भाग झाला आहे. येणारा प्रत्येक माणूस सर्वप्रथम फोन कुठे आहे हे विचारतो. त्याची घालमेल मला समजते, परंतु पहिल्या तासात फोनपेक्षा नंबर कितीतरी जास्त मोलाचा असतो, आणि तुमच्या घरी नेमके तेच राहून गेले. पैसे गेले नाहीत ही नशिबाची गोष्ट आहे. असे का म्हणतो ते थोडे सविस्तर सांगतो.

फोनला स्क्रीन लॉक असले तरी सिमचा कप्पा टाचणीने उघडून सिम बाहेर काढता येते आणि दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. त्यानंतर त्या नंबरवर येणारा प्रत्येक ओटीपी चोराच्या हातात पडतो. यूपीआयचे अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना ते त्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबरची खात्री करते, आणि सिम चोराकडे असल्यामुळे ती पायरी सहज पार होते. पुढे यूपीआय पिन नव्याने ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही मागतात. दुसऱ्या मार्गात आधार क्रमांकाचे पहिले सहा अंक आणि ओटीपी एवढेच पुरते. आता तुमच्या वडिलांच्या फोनचे कव्हर डोळ्यांसमोर आणा. त्यात कार्ड होते, आधारची झेरॉक्स होती आणि फोनमध्ये सिम होते. म्हणजे खात्यात शिरण्यासाठी लागणारे बहुतेक सारे एकाच खिशातून गेले. आपल्याकडे ही सवय फार पसरलेली आहे. बाजार समितीत माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यापासून कॉलेजच्या मुलापर्यंत अनेकांच्या कव्हरमागे कार्ड, आधार आणि कधी कधी चिठ्ठीवर लिहिलेला पिनसुद्धा मी पाहिला आहे. नव्या फोनच्या बाबतीत एकच गोष्ट बदलायची असेल, तर ही बदला.

म्हणून क्रम असा ठेवावा. फोन गेल्याचे लक्षात येताच शेजारच्या माणसाचा फोन मागून एकदा रिंग द्यावी. कोणी उचलला तर ठीक. फोन कुठे तरी विसरला असण्याची शक्यता असतेच. उचलला नाही, तर त्याच उसन्या फोनवरून आपल्या फोनला कुलूप लावावे. यासाठी गुगलचे फाइंड हब आहे, ज्याला मे २०२५ पर्यंत फाइंड माय डिव्हाइस म्हणत असत. दुसऱ्याच्या फोनवर त्यात पाहुणा म्हणून लॉग-इन करता येते. त्यातून फोन हरवल्याची खूण करून तो लॉक करता येतो आणि पडद्यावर घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर दाखवता येतो. पासवर्ड आठवत नसेल, तर अँड्रॉइड १० आणि त्यापुढील फोनसाठी केवळ फोन नंबर टाकून पडदा लॉक करण्याची रिमोट लॉक नावाची सोयही गुगलने दिली आहे. मात्र ती आधीपासून सुरू करून ठेवलेली असावी लागते.

इथे एक पेच आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. सिम बंद केले की फोनचे इंटरनेटही बंद होते, आणि मग फाइंड हबच्या नकाशावर फोनचे ठिकाण दिसणे बहुधा थांबते. उलट ठिकाण दिसत राहावे म्हणून सिम चालू ठेवले, तर ओटीपीचा धोका तितका वेळ उघडा राहतो. माझे मत स्पष्ट आहे. कुलूप लावण्यासाठी आणि ठिकाणाचा एक फोटो काढून ठेवण्यासाठी पाच-दहा मिनिटे द्यावीत, आणि त्यानंतर लगेच सिम बंद करावे. फोन दहा-पंधरा हजारांचा असतो. खात्यात कापसाचे किंवा केळीचे वर्षभराचे पैसे असू शकतात. या घाईत एक चूक मात्र टाळावी. आपल्या गुगल खात्यातून तो फोन काढून टाकू नये, कारण तसे केल्यास फाइंड हबचा त्याच्याशी असलेला दुवा तुटतो. फोन दुरून कोरा करण्याचा आदेशही शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावा, कारण कोरा झाल्यावर ठिकाण दिसत नाही. आयफोनवाल्यांनी फाइंड माय मधून लॉस्ट मोड लावावा आणि फोन खात्यातून कधीही काढू नये. तो खात्यात असेपर्यंत अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे चोराला तो नव्याने सुरू करता येत नाही.

सिम बंद करण्यासाठी त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवरून ग्राहक सेवेला किंवा १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करावा. सिम ज्याच्या नावावर आहे त्याची माहिती विचारली जाते, आणि डुप्लिकेट सिम घेताना तर तो माणूस ओळखपत्रासह स्वतः हजर लागतो. आपल्या भागातील असंख्य कुटुंबांतील मुले सुरत, उधना, वापी, नाशिक, पुणे इथे कामाला आहेत आणि आईवडिलांचे सिम त्यांच्याच नावावर घेतलेले असते. एरवी हे सोयीचे वाटते, पण अडचणीच्या वेळी गावातला माणूस स्वतःचाच नंबर बंद करू शकत नाही. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे संचार साथी या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते. वडिलांचा नंबर वडिलांच्या नावावर करून घेणे हा यावरचा कायमचा उपाय आहे.

त्यानंतर बँक. शाखा उघडण्याची वाट न पाहता बँकेच्या ग्राहक सेवेला कळवून कार्ड, मोबाइल बँकिंग आणि यूपीआय थांबवावे, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. यूपीआय लाइटमध्ये ठेवलेली रक्कम पिनशिवाय खर्च होते, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत आणि एकूण ५,००० रुपयांपर्यंत. त्यामुळे ती वापरत असाल तर यूपीआय थांबवताना तिचाही उल्लेख करावा. पैसे गेलेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तत्काळ तक्रार द्यावी, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वीच ती गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर ती मर्यादित असते. ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा भार ग्राहकावर आणि कळवल्यानंतरचा बँकेवर असतो. कळवल्याची तारीख आणि वेळ जपून ठेवण्याचे महत्त्व यातून लक्षात येईल.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एक गैरसमज आहे. सिम बंद झाले की व्हॉट्सअ‍ॅपही बंद पडते असे लोक समजतात, परंतु जुन्या फोनवर ते वायफायवर चालू राहू शकते. डुप्लिकेट सिम मिळताच दुसऱ्या फोनवर त्याच नंबराने व्हॉट्सअ‍ॅप सुरू केले, म्हणजे जुन्या फोनवरचे आपोआप बाहेर पडते. तोपर्यंत नातेवाइकांना कळवून ठेवावे, कारण "तातडीने पैसे पाठवा" हा संदेश आपल्या फोटोसह त्यांच्याकडे जाऊ शकतो.

आता पोलिसांकडील काम. फोन उधना ते अमळनेर या प्रवासात नेमका कुठे गेला हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि त्यामुळे "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर ऐकण्याची तुमची तयारी झालेली दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. नोंद घेण्यास नकार मिळाला, तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. रेल्वे प्रवासातील फोनसाठी लोहमार्ग पोलिसांकडे जावे. १३९ या रेल्वेच्या क्रमांकावरही तक्रार घेतली जाते. २०२५ पासून रेल्वे सुरक्षा बलही हरवलेले फोन अडवणाऱ्या सीईआयआर या यंत्रणेशी जोडले गेले असल्यामुळे, ज्यांना गुन्हा दाखल करायचा नाही त्यांच्या हरवलेल्या फोनची नोंद ते करू शकते.

अर्जात काय लिहावे, यावर बरेच अवलंबून असते. फोन पडला की चोरीला गेला हे नक्की माहीत नसेल, तर पोलीस बहुतेक वेळा "गहाळ" अशी नोंद घेतात, आणि हँडसेट अडवण्यासाठी तीही चालते. मात्र खिसा कापला गेला असेल, कोणी हातातून हिसकावून पळाले असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर "गहाळ" या शब्दावर सही करू नये. भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आणि हिसकावून नेणे कलम ३०४ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलेले आहे, आणि विम्याचा दावा किंवा बँकेशी वाद उभा राहिला तर हाच फरक कागदावर पाहिला जातो. अर्जात गाडी, तारीख, शेवटचा फोन पाहिल्याचे स्थानक, फोनची कंपनी, मॉडेल, रंग, पडद्याला तडा असल्यास तो, फोनमधला नंबर, सिमधारकाचे नाव आणि दोन्ही आयएमईआय क्रमांक, म्हणजे हँडसेटचे स्वतःचे ओळख क्रमांक, लिहावेत. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात आणि लोक बहुधा एकच देतात. तिकीट असेल तर त्याची प्रत जोडावी.

पोलिसांचा कागद हातात आला की सीईआयआरचा अर्ज भरता येतो. ही दूरसंचार विभागाची यंत्रणा आहे. तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या राज्यात सुरू झाला, आणि मे २०२३ पासून ती संचार साथीच्या माध्यमातून देशभर उपलब्ध आहे. अर्जात नंबर, आयएमईआय, खरेदीचे बिल, हरवल्याचे ठिकाण आणि तारीख, पोलीस ठाणे, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत आणि मालकाचे ओळखपत्र मागितले जाते, आणि ओटीपीने खात्री केली जाते. अनेकांचा अर्ज इथेच अडतो, कारण डुप्लिकेट सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. ही अडवणूक सिमची फसवणूक रोखण्यासाठी आहे. एक दिवस थांबावे, अर्ज सोडून देऊ नये. अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा विनंती क्रमांक वहीत लिहावा, केवळ फोनमध्ये ठेवू नये. साधारण २४ तासांत तो हँडसेट भारतातील सर्व कंपन्यांच्या जाळ्यावर अडवला जातो, आणि कोणी त्यात सिम घालून वापरण्याचा प्रयत्न केला की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोलिसांनी मालकांना परत केलेल्या फोनच्या बातम्या तुम्ही वाचत असाल. त्यामागे ही यंत्रणा आणि तिच्यातील माहितीचा पाठपुरावा करणारे कर्मचारी असतात.

फोन मिळेल का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे द्यायला हवे. मिळू शकतो, पण काही आठवडे किंवा काही महिने लागू शकतात, आणि काही फोन कधीच मिळत नाहीत. अनेकदा तो अशा माणसाकडे सापडतो ज्याने तो बिलाशिवाय स्वस्तात विकत घेतलेला असतो. काही फोन सुटे करून त्यांचे पडदे आणि बोर्ड विकले जातात, तर काही देशाबाहेर जातात, जिथे आपला अटकाव चालत नाही. या वाट पाहण्याच्या काळात दोन प्रकारच्या लोकांपासून सांभाळावे. पहिले म्हणजे आयएमईआय दिल्यावर पैसे घेऊन फोन शोधून देतो म्हणणारे. आयएमईआयवरून फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे फक्त मोबाइल कंपनीला कळते आणि ती माहिती तपास यंत्रणेलाच मिळते. कोणत्याही खासगी माणसाकडे किंवा अ‍ॅपकडे ती नसते. दुसरे म्हणजे "तुमचा फोन सापडला आहे" असा एसएमएस आणि लिंक पाठवणारे. ती लिंक उघडून पासवर्ड दिला की फोनचे उरलेले कुलूपही गेले. आणि नकाशावर फोन एखाद्या वस्तीत दिसला, तरी पोरे गोळा करून तिकडे जाऊ नये. नकाशातील खूण घर दाखवत नाही, परिसर दाखवते. चुकीच्या दारात गेल्याने होणारे भांडण फोनपेक्षा महाग पडते. ते ठिकाण वेळेसह पोलिसांना द्यावे.

फोन मिळालाच, तर पोलिसांकडून घेताना आयएमईआय जुळवून पाहावा. गुन्हा दाखल झालेला असल्यास तो मुद्देमाल ठरतो आणि न्यायालयाच्या आदेशाने ताब्यात मिळतो. त्यानंतर सीईआयआरवर विनंती क्रमांक देऊन अटकाव काढावा लागतो, नाहीतर घरी आलेला फोन सिम घेत नाही. फोन मधल्या काळात कोणाच्या हातात होता हे आपल्याला माहीत नसते, म्हणून तो पूर्ण कोरा करूनच वापरावा.

वडिलांच्या नव्या फोनची तयारी एका संध्याकाळी होते. स्क्रीन लॉकसाठी सहा अंकी पिन ठेवा. बोटाचा ठसा चांगला, पण शेतात राबलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि दोन-तीनदा फोन उघडला नाही की वडीलधारी माणसे कंटाळून लॉकच काढून टाकतात. त्यांना लक्षात राहील असा, परंतु जन्मसाल नसलेला पिन द्या. लॉक असताना पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा, म्हणजे ओटीपी बाहेरून वाचता येणार नाही. सिमलाही पिन लावता येतो, आणि माझ्या मते इतक्या कमी कष्टांत इतके संरक्षण देणारी दुसरी गोष्ट नाही, कारण मग सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालत नाही. मात्र आधी कंपनीकडून सध्याचा पिन विचारून घ्या. तीनदा चुकला तर सिम अडते आणि पीयूके क्रमांक मागते, तो कंपनीकडूनच घ्यावा लागतो.

गुगलच्या सेटिंगमधील चोरीपासून संरक्षणाचा भाग उघडून त्यातील रिमोट लॉक, हिसकावल्यावर आपोआप लागणारे लॉक आणि इंटरनेट तुटल्यावर लागणारे लॉक ही तिन्ही सुरू करा. फाइंड हब चालू आहे का हे तुमच्या फोनवरून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या. गुगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल, तर बॅकअप कोड कागदावर उतरवा, कारण ऐन वेळी गुगल खात्री करण्यासाठी हरवलेल्या फोनवरच सूचना पाठवते. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांचा पिन लावा. संपर्क सिममध्ये न ठेवता गुगल खात्यात ठेवा. *#०६# डायल केल्यावर येणारे दोन्ही आयएमईआय, बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक आणि घरातल्या दोघांचे नंबर हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्याच पानावर बिलाची झेरॉक्स चिकटवा. सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा जळगावच्या रथोत्सवाला जाताना फोन शर्टाच्या वरच्या खिशात नको. बंडीच्या आतल्या खिशात ठेवावा.

नवा फोन जुना, म्हणजे वापरलेला, घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करा. तो हँडसेट अडवलेला असल्यास उत्तरातून कळते. आयएमईआय बदलून मिळेल असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठून यावे. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तुमच्या हातात आज खोके नाही, पण आयएमईआय मिळवण्याच्या इतर जागा आहेत. ज्या दुकानातून फोन घेतला त्याच्या बिलबुकात तो लिहिलेला असतो. हप्त्यांवर घेतला असेल तर कर्जाच्या कागदावर असतो. वडिलांच्या गुगल खात्यात संगणकावरून शिरल्यास फाइंड हबमध्ये त्या फोनच्या माहितीतही तो बहुधा दिसतो. तो मिळाला की लोहमार्ग पोलिसांकडे अर्ज द्या. भावाने त्याच दिवशी डुप्लिकेट सिम काढावे, दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाल्यावर सीईआयआरचा अर्ज भरावा, आणि एटीएम कार्ड अजून चालू असेल तर या सगळ्याच्याही आधी, हे वाचून होताच, ते बंद करावे.